चिकूच्या लाकडाच्या सुया

बाळकुमच्या आमच्या संकुलात अकरा टॉवर आहेत आणि दर टॉवरमागे दुसऱ्याचं भलं करायला निघालेली निदान चार माणसं. इथे राहायला आलो तेव्हा मला याची कल्पना नव्हती. मानपाड्याच्या एका फाउंड्रीत मी तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. निवृत्त झालो, डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा विकली, मुलाने त्यात भर घातली आणि आम्ही थेट बाविसाव्या मजल्यावर आलो. सहा महिन्यांत मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. उरलो मी आणि बायको, आणि खाली क्लबहाउसमध्ये अखंड चाललेली समाजसेवा.

पॅटर्नमेकर म्हणजे काय, हे संकुलात कुणालाच ठाऊक नव्हतं. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर तो आधी हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा उठवतात आणि त्या साच्यात रस ओततात. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आमच्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. हे सगळं मी एकदा लिफ्टमध्ये एका गृहस्थांना तळमजल्यापासून बाविसाव्यापर्यंत समजावून सांगितलं. दार उघडल्यावर ते म्हणाले, "म्हणजे कार्पेंटर." त्यानंतर मी लिफ्टमध्ये कुणाशी बोलायचं सोडून दिलं.

बायकोला क्रोशाचा नाद लग्नाआधीपासूनचा. टीव्हीवर रुमाल, पाण्याच्या माठावर रुमाल, नात्यातल्या प्रत्येक बाळाला टोपडं. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजायला लागलं. स्टीलची बारीक सुई धरली की कळ थेट मनगटात जायची. डॉक्टरांनी विणकाम बंद ठेवायला सांगितलं. तिने आठ दिवस बंद ठेवलं आणि त्या आठ दिवसांत घरातला एकही डबा जागेवर राहू दिला नाही. शेवटी मी माझी जुनी पेटी काढली, शिसवीचा एक तुकडा घेतला आणि तिच्या मुठीत बसेल अशा जाड दांड्याची सुई करायला बसलो.

दिसायला काहीच नाही त्यात. एक काडी आणि टोकाला खाच. पण पहिल्या सुईची खाच फार खोल झाली, लोकर तिच्यात अडकायची. दुसरीची उथळ झाली, टाका निसटायचा. बायको काही बोलायची नाही, सुई नुसती बाजूला ठेवायची. माझे फाउंड्रीतले साहेब निदान शिव्या तरी द्यायचे. तिसरी सुई केली तेव्हा मी खाचेच्या आतली कड काचकागदाच्या दोरीएवढ्या पट्टीने तासभर घासली. तिने ती घेतली, गॅलरीत जाऊन बसली आणि जेवायच्या वेळेपर्यंत विणत राहिली. मग म्हणाली, "ही राहू दे माझ्याकडे."

क्लबहाउसमध्ये दुपारी बायका विणायला जमतात. त्यातल्या चौघींनी सुया मागितल्या, मी करून दिल्या. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पण ती बातमी सेवा मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या कानावर गेली.

अध्यक्षबाई बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालेल्या. माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी लहान, पण मला काका म्हणायच्या. काही मागायचं असलं की आधी हात जोडायच्या, मान किंचित तिरकी करायच्या आणि मागून झाल्यावरच हात सोडायच्या. त्या आमच्या घरी आल्या, सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि हात जोडले.

"काका, तुम्ही कलाकार आहात. आणि कलाकाराची कला चार भिंतींत राहू नये."

"कला नाही, सुया आहेत," मी म्हणालो.

"तेच! आपण त्या विकू या. सगळं उत्पन्न खडवलीच्या वृद्धाश्रमाला. तिथल्या आज्यांना कपडे धुवायचं मशीन हवंय, मोठं. तुम्ही घडवा, आम्ही विकतो."

मला तिथेच नाही म्हणता आलं असतं. पण तीस वर्षांत मला कुणी कलाकार म्हटलेलं नव्हतं. मी त्यांना पाणी विचारलं, चहा विचारला आणि हो म्हणालो. एका शब्दाला माणूस किती स्वस्तात विकला जातो, हे त्या दिवशी मी स्वतःच्याच बैठकीच्या खोलीत पाहिलं.

लाकूड मला गावठाणात मिळालं. आमच्या टॉवरांच्या मागे जुनं बाळकुम अजून थोडं शिल्लक आहे. तिथल्या एका आगरी घरमालकाने गाड्या लावायला जागा हवी म्हणून अंगणातला चिकू तोडला होता. चिकूचं लाकूड तांबूस, जड आणि गच्च असतं; छिद्रं दिसत नाहीत, रेषा सरळ जातात. फांद्या वर्षभर उन्हात पडून वाळलेल्या होत्या. मी मागितल्या तर ते गृहस्थ खळखळून हसले. "एवरा चिकू नेनार नि सुया करनार? न्या, न्या. आमच्या पोरांना तर जालायला पन नको." फुकट दिल्या. मला तो माणूस आवडला. त्याने हात जोडले नव्हते.

मी कामाला लागलो. फांदी करवतीने कापायची नाही, सुरीवर हातोडीचा टोला मारून उभी फोडायची, म्हणजे रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते आणि सुई मोडत नाही. मग पटाशी, मग कानस, मग तीन तऱ्हांचा काचकागद, मग अळशीचं तेल. अॅल्युमिनियमच्या पट्टीला वेगवेगळ्या मापांची भोकं पाडून मी माप बनवलं. प्रत्येक सुई तिच्या भोकातून न घासता, न डुगडुगता गेली पाहिजे. दिवसाला दोन व्हायच्या, फार तर तीन. गॅलरीत भुसा पडायचा म्हणून बायको कुरकुरायची, पण कुरकुरताना दर सुईवर चार टाके घालून बघायची आणि मगच ती डब्यात टाकायची.

पहिल्या चाळीस सुया घेऊन मी अध्यक्षबाईंकडे गेलो. त्यांनी डबा उघडला, एक सुई उचलली, बोटांत फिरवली. चेहरा पडला.

"काका, फारच गुळगुळीत झाल्यात हो."

"मग कशा हव्यात?"

"म्हणजे छानच आहेत. पण मशीनवर केल्यासारख्या वाटतात. सगळ्या एकसारख्या. लोकांना हँडमेड वाटलं पाहिजे ना? थोड्या ओबडधोबड ठेवा की. इथे-तिथे चाकूच्या खुणा वगैरे."

ज्या माणसाने एका केसाएवढा फरक राहिला म्हणून आठवड्याचं काम शेगडीत टाकलेलं आहे, त्याला ही बाई चाकूच्या खुणा ठेवायला सांगत होती. हाताने केलेलं काम वाईटच असणार, नाहीतर ते हाताने केलेलं कसलं, असा त्यांचा सरळ हिशेब. हा हिशेब त्यांच्या एकट्यांचा नव्हता, हे मला पुढे कळायचं होतं.

"लोकर अडकेल," मी म्हणालो.

"विणणाऱ्या किती असतात, काका? लोक ठेवतात शोकेसमध्ये."

मी डबा ठेवून आलो. आणि सुया करत राहिलो, गुळगुळीतच. तिथेच थांबलो असतो तर पुढचं टळलं असतं. पण हाताला सवय लागली होती, आणि खरं सांगायचं तर संकुलातली माणसं आता लिफ्टमध्ये मला नमस्कार करायला लागली होती.

दिवाळीच्या आधी ठाण्यातल्या एका मैदानावर संस्थांचं आणि बचत गटांचं प्रदर्शन भरलं. मंडळाने तिथे टेबल घेतलं होतं. आम्हाला काही बोलावणं नव्हतं, पण बायको म्हणाली, चला, बघू तरी. आम्ही संध्याकाळी गेलो. एका बाजूला लोणची, दुसऱ्या बाजूला साबण आणि मध्ये आमच्या मंडळाचं टेबल. अध्यक्षबाई आणि आणखी दोघी, तिघींच्या एकसारख्या साड्या. टेबलावर टोपलीत सुया. प्रत्येक सुईला ज्यूटची दोरी आणि दोरीला कार्ड.

मी कार्ड वाचलं. त्यावर छापलं होतं की ही मायेची सुई खडवलीच्या वृद्धाश्रमातल्या निराधार मातांनी आपल्या थरथरत्या हातांनी घडवली आहे.

मी ते दोनदा वाचलं. थरथरत्या हातांनी चार मिलिमीटरच्या काडीवर खाच काढून दाखवा म्हणावं कुणीही. माझा अंगठा दोनदा कापला गेला होता, आणि माझे हात अजिबात थरथरत नाहीत.

मग टोपलीत हात घातला तर निम्म्या सुया माझ्या नव्हत्याच. बांबूच्या, लेथवर भराभर उतरवलेल्या, वर गडद पॉलिश. खाच करवतीने आडवी मारलेली, तिच्या कडेला लाकडाचे बारीक धस उभे. घाऊक बाजारातून आणलेला माल. मी एक सुई बायकोच्या हातात दिली. तिने नख फिरवलं आणि लगेच खाली ठेवली.

तेवढ्यात टेबलापाशी एक तरुण मुलगी आली. अध्यक्षबाई तिला निराधार मातांबद्दल सांगू लागल्या, आवाज मध्येच भरून आला, मध्येच सावरला. त्या मुलीने माझी एक सुई उचलली, मग बांबूची एक उचलली. दोन्ही शेजारी धरल्या. "ही जास्त ऑथेंटिक वाटते ना," असं मैत्रिणीला म्हणून तिने बांबूची घेतली.

मी टेबलाच्या मागे गेलो.

"मॅडम, हे काय आहे?"

"अरे, काका! या ना. बघा किती छान प्रतिसाद आहे."

"या बांबूच्या कुठल्या?"

"तुमच्या कमी पडत होत्या हो. दिवसाला दोन म्हणजे..." त्यांनी हात जोडले. "तुमच्यावर ताण नको म्हणून."

"आणि हे कार्ड? या सुया आश्रमात कुणी केल्या?"

त्यांनी मला दोन पावलं बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, पण राग अजिबात नव्हता. लहान मुलाला समजवावं तशा बोलत होत्या. "काका, रागावू नका, पण विचार करा. लोक वस्तू घेत नाहीत, गोष्ट घेतात. मी कार्डावर काय लिहू? बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त गृहस्थांनी वेळ घालवायला केलेल्या सुया? कुणाचा हात खिशात जाईल? पैसे तर आश्रमालाच जाणार आहेत ना?"

"सुईने विणायचं असतं," मी म्हणालो. "या सुईने विणता येत नाही. आणि त्यावर त्या म्हाताऱ्यांचं नाव घालताय."

"तुम्ही फार मनाला लावून घेता," त्या म्हणाल्या आणि नव्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मी टोपलीतून माझ्या सुया निवडून काढायला लागलो. साबणवाले बघायला लागले. एकसारख्या साडीतल्या एकीने "अहो काका, हे काय," असं म्हणून माझा हात धरला. बायकोने मला मैदानाबाहेर नेलं.

रिक्षात मी बोलतच होतो. खोटारडेपणा, दिखाऊपणा, एका बाईचा नाही तर अख्ख्या संकुलाचा. ही ऐकत होती. कापुरबावडीच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, "कार्डावर तुमचं नाव असतं तर चाललं असतं."

"अगं, खोटं आहे ते!"

"आहेच. पण तुम्ही ते आत्ता म्हणालात. मैदानातून बाहेर पडल्या पडल्या आधी काय म्हणालात? माझं काम, म्हणालात."

सिग्नल सुटला. माझ्यावर असा नेमका घाव घालायचा अधिकार जगात एकाच माणसाला आहे, आणि ती तो वापरते.

चार दिवसांनी मी एकटाच खडवलीला गेलो. मनात काय होतं ते लपवत नाही: मला साक्षीदार हवे होते. आश्रमातल्या लोकांना कार्ड दाखवायचं, तुमच्या नावावर काय चाललंय बघा म्हणायचं, आणि त्यांचं एखादं पत्र घेऊन यायचं. स्टेशनाबाहेरून रिक्षाने गेलो. शेताच्या कडेला बैठी इमारत, समोर सिमेंटचं अंगण आणि त्या अंगणात दोऱ्यांवर चादरीच चादरी. एका कोपऱ्यात आश्रम चालवणाऱ्या ताई पदर खोचून धुण्याच्या दगडावर चादरी आपटत होत्या. सोबत एक मदतनीस बाई. बिछान्याला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, काही दिवसातून दोनदा, हे मी काही न विचारताच मला दिसलं.

मी प्रदर्शनातून आणलेलं कार्ड पुढे केलं. ताईंनी ओले हात पदराला पुसले, वाचलं आणि परत दिलं.

"छान छापलंय," त्या म्हणाल्या.

"पण तुमच्याकडे कुणी सुया करत नाही ना?"

"आमच्याकडे अर्ध्याजणी जेवणसुद्धा स्वतःच्या हाताने घेत नाहीत, काका." त्यांनी पुढची चादर उचलली. "मशीन येतंय ना, ते सांगा. कार्डावर काहीही लिहू देत."

ते पत्र मी मागितलंच नाही. पिशवीत दहाबारा सुया होत्या त्या घेऊन ओसरीवर बसलो, कारण लगेच परत फिरायलाही लाज वाटत होती.

ओसरीवर एक म्हातारी बसलेली होती. खाडीकाठच्या गावातली ख्रिस्ती बाई, नऊवारी लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. तिने माझ्या पिशवीकडे बोट केलं. मी सुई दिली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, मग खालच्या ओठावरून फिरवली, आणि मला कळलं की या बाईला काम येतं. धस बोटाला लागत नाही, ओठाला लागतो. मग तिने शेजारी वाळत घातलेल्या फाटक्या चादरीच्या काठातून एक दोरा ओढून काढला आणि साखळी घालायला सुरुवात केली. पाच टाके घातले आणि सुई माझ्या मांडीवर टाकली.

"ही कोनी केली? तू?"

"हो."

"गुलगुलीत हाय. पन हा मुसल घेऊन मी काय करू? लोकर विनायला ठीक. मना दोरा विनायचाय."

गावच्या चर्चमधल्या वेदीवरच्या कापडांना ती तरुणपणापासून लेस विणायची. तिची स्टीलची सुई इथे आणण्याआधी इस्पितळात कुणीतरी टोकदार आहे म्हणून काढून घेतली होती. परत कुणी दिली नाही आणि तिनेही पुन्हा मागितली नाही.

"एवढी बारीक लाकडात होत नाही, आजी. मोडते," मी म्हणालो.

फाउंड्रीतल्या पहिल्या वर्षी माझे उस्ताद बघायचे तसं तिने माझ्याकडे बघितलं. "तुला येत नाय म्हन," ती म्हणाली. "लाकराला कशाला नाव ठेवतंस?"

मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पटाशी घेऊन बसलो. चिकूची सगळ्यात सरळ रेषेची काडी निवडली. दोन मिलिमीटरच्या खाली गेलो की खाच काढताना टोक उडायचं. पाच सुया मोडल्या. मग पटाशी सोडली आणि खाच नुसत्या दोऱ्याने काढली: दोऱ्याला काचेची पूड आणि गोंद लावून तो करवतीसारखा ओढत राहिलो, एकेका सुईला दोन-दोन तास. शेवटी एक टिकली. अध्यक्षबाईंचे फोन येत होते, मी उचलत नव्हतो. कित्येक वर्षांनी मला कामाची भीती वाटत होती, आणि ती मला फार बरी वाटत होती.

पहिली सुई घेऊन गेलो. तिने चार टाके घातले, सुईच्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "नाक मोठं झालं." आठवड्याने दुसरी नेली. "दोरा बरा जातो. पन हातात ठरत नाय." दांडा गोल होता, तिला अंगठ्यासाठी चपटी जागा हवी होती. तिने एकदाही मला कलाकार म्हटलं नाही, एकदाही आभार मानले नाहीत.

तिसरी सुई व्हायच्या आधीच मशीन आलं. मंडळाने खडवलीला समारंभ ठेवला. संकुलातून तीन गाड्या भरून माणसं गेली, बायकोच्या सांगण्यावरून मीही गेलो. खिशात दोन पानी भाषण होतं. मी ते आठ दिवस लिहीत होतो. कार्ड, बांबू, थरथरते हात, सगळं त्यात होतं. संधी मिळाली की उठायचं आणि वाचायचं, एवढं ठरलेलं.

पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर म्हाताऱ्यांना अंगणात उन्हात ओळीने बसवून ठेवलं होतं, आणि प्रत्येकीच्या हातात फोटोसाठी एकेक बांबूची सुई दिली होती. एकीने ती कानात घातली, ताईंनी धावत जाऊन काढली. मशीनला लाल फीत बांधलेली. अध्यक्षबाईंनी भाषण केलं, आवाज भरून आला, सावरला, आणि मग त्या माइक घेऊन ओळीपाशी गेल्या. नेमक्या लेसवाल्या आजीसमोर थांबल्या.

"आजी, सांगा ना, सुया घडवताना तुम्हाला कसं वाटतं?"

आजीने हातातली सुई ओठावरून फिरवली. "मी नाय घडवली," ती माइकमध्ये म्हणाली. "हिच्यान दोरा अरकतो. फेकून द्या."

हशा पिकला. टाळ्या. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "किती गोड आहेत ना!" दुसरी म्हणाली, "श्रेय पण घेत नाहीत बघ." तीस-चाळीस सुशिक्षित माणसांच्या कानावर स्वच्छ मराठीत खरं पडलं होतं, लाउडस्पीकरवरून, आणि त्यांनी ते लाडाने गालगुच्चा घेतल्यासारखं उडवून लावलं. मी खिशातल्या कागदांवर हात ठेवला. उठलो असतो तर माझंही तेच झालं असतं.

आजी अजून थांबली नव्हती. तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "सुया तो करतो. पन तो पन अजून शिकतोय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अध्यक्षबाईंनी एका श्वासात सावरून घेतलं. "आमचे काका! आमच्या मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ स्वयंसेवक!" पुन्हा टाळ्या. आणि मी काय केलं? उभा राहिलो, हात जोडले, मान किंचित तिरकी केली. फोटोतही तसाच आलो आहे. मी ज्यांना नावं ठेवत होतो, त्यांच्यात त्या दिवशी माझा नंबर शेवटचा नव्हता.

मग फीत कापली आणि मशीन सुरू झालं. ते चांगलं मशीन आहे, हेही लिहिलं पाहिजे. ताईंनी पहिल्याच फेरीला सहा चादरी टाकल्या आणि पाहुणे जेवायला बसले तेव्हा त्या एकट्याच मशीनसमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, काचेतून फिरणाऱ्या चादरींकडे बघत. खोट्या कार्डावर आलेलं मशीन खऱ्या चादरी धूत होतं. यावर काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

समारंभानंतर आठवड्याने अध्यक्षबाई पुन्हा सोफ्याच्या कडेवर बसल्या. एका कंपनीला भेट म्हणून द्यायला दोनशे सुया हव्या होत्या.

"मी आता विकायला सुया करत नाही," मी म्हणालो.

"काका, पण आश्रमाला अजून किती गोष्टी हव्या आहेत..."

"बांबूच्या द्या. त्याच चालतात लोकांना."

त्यांना याचा राग आला नाही, त्यांना ती मदतीची सूचनाच वाटली. "तसं करता येईल," त्या विचार करत म्हणाल्या. पण तेही त्यांनी केलं नाही. कंपनीला शेवटी शेणाच्या पणत्या गेल्या. त्यांवरच्या कार्डावर कुणाचे हात थरथरत होते ते मी वाचलं नाही.

चपट्या दांड्याची सुई मी पुढच्या महिन्यात नेली. या वेळी बायकोही बरोबर आली. आजीने सुई हातात घेतली, ओठावरून फिरवली आणि बायकोने नेलेल्या पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा उचलून विणायला लागली. मी वाट बघत होतो. तिने या वेळी एकही खोट काढली नाही. अर्ध्या तासात लेसची बोटभर पट्टी झाली, प्रत्येक खांब ताठ, प्रत्येक कमान सारखी. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण माप कळतं, आणि तिथे माप होतं.

बायकोने मग पिशवीतून स्वतःचा रुमाल काढला. दोन महिने चाललेला, जवळपास पुरा होत आलेला, संकुलातल्या सगळ्यांनी वाखाणलेला. आजीने तो उजेडात धरला.

"हे काय," ती म्हणाली, "मच्छरदानी?"

माझ्या बायकोला चाळीस वर्षांत विणकामावरून कुणी बोललेलं नव्हतं. ती आजीच्या आणखी जवळ सरकली आणि म्हणाली, "कुठे चुकतंय ते दाखवा."

आजीने बोटाने तिसऱ्या ओळीवर टिचकी मारली. म्हणजे जवळजवळ सुरुवातीलाच. बायकोने शेवटचा टाका सोडला आणि दोरा ओढायला लागली. तिथल्या ओसरीवर बसून तिने तो अख्खा रुमाल उसवला, आणि मी सुटलेला दोरा गुंडाळत राहिलो.